उंच मोटारसायकल आणि आपले पाय

डांबर आणि कच्ची वाट या दोहोंसाठी घडविलेल्या मोटारसायकलींची तरुणांस भुरळ पडावी यात नवल नाही. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांची जी चाळण होते, तीत एकवीस इंची पुढचे चाक खड्डे सहज पचविते. मात्र रोज म्हापशाहून पणजीस जाणाऱ्याने ऐटीपेक्षा बैठकीची उंची आधी पाहावी. २०१९ साली आलेल्या हिरो एक्सपल्स २०० ची बैठक ८२३ मिलिमीटरवर, तर २०१६ च्या रॉयल एन्फील्ड हिमालयनची ८०० वर होती. हिमालयन वजनाने जड खरी. पण मागे कुटुंब बसलेले असता ओल्या चढणीवर थांबावे लागले, तर पाय टेकलेच पाहिजेत. चिखलासाठीचे जाड गाठींचे टायर भिजल्या डांबरावर घसरतात. ते शहरात नकोतच.