वाढ कोणाची आणि किती दिवसांची?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी आपली जुनी रीत आहे. मी विद्वान नव्हे. आठवीनंतर माझी शाळा सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. गेली तीस वर्षे पगारवाढ, बोनस आणि महागाईभत्ता यांचे हिशेब करण्यात माझा जन्म गेला. आज मात्र मी आपल्यापुढे एक निराळा हिशेब मांडणार आहे. तो मांडताना मला माझीच एक चूक प्रथम सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुंबईजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे सांडपाणी रात्रीच्या पाळीत मागच्या ओढ्यात सोडले जाई. ही गोष्ट आम्हां सर्वांना ठाऊक होती, कारण झडपा फिरवणारे हात आमचेच होते. गावकऱ्यांनी तक्रार केली आणि कारखाना बंद करण्याची नोटीस आली. तेव्हा मालक स्वस्थ बसला. मोर्चा आम्ही काढला. ‘आमची भाकरी हिरावू नका’ ही घोषणा मी स्वतः लिहिली होती. आठ दिवसांत कारखाना पुन्हा सुरू झाला. आम्ही गुलाल उधळला.

त्या संध्याकाळी शेजारच्या गावातील एक म्हातारी बाई फाटकाशी आली. तिचा मुलगा आमच्याच मोर्चात होता. ती मला म्हणाली, “दादा, तुमचा पगार वाचला, चांगलं झालं. आता आमच्या विहिरीचं काय ते सांगा.” मला उत्तर देता आले नाही. तिच्या घरात पगारही त्याच कारखान्याचा येत होता आणि विहिरीतले रंगीत पाणीही त्याच कारखान्याचे. पुढे तीन वर्षांनी मालकाने दुसऱ्या राज्यात अधिक सवलती मिळतात म्हणून कारखाना हलवला. पगार गेला. विहीर बिघडली ती बिघडलीच.

या प्रसंगाने मला एक प्रश्न शिकवला. ज्या वाढीसाठी आपण एवढे झगडतो ती वाढ कोणाची, आणि किती दिवसांची?

वाढ म्हणजे काय ते आधी पाहू. देशात एका वर्षात जेवढा माल तयार झाला आणि जेवढ्या सेवा विकल्या गेल्या, त्यांची पैशातील बेरीज म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. ती बेरीज गेल्या वर्षापेक्षा जास्त भरली की देशाची वाढ झाली असे म्हणतात. या बेरजेत एक मोठी खोट आहे. कारखान्याने रंग विकला, तो जमेस धरला. विहीर बिघडल्यामुळे गावाने टँकरचे पाणी विकत घेतले, तेही जमेस धरले. माणसे आजारी पडून दवाखान्यात गेली, ते बिलही जमेस धरले. विहिरीचे फुकट मिळणारे गोडे पाणी मात्र या वहीत कधी मांडलेलेच नव्हते, म्हणून ते गेल्याची नोंदही झाली नाही. कोणत्याही किराणा दुकानदाराने अशी वही ठेवली तर त्याचे दिवाळे निघेल. ही गोष्ट मी माझ्या पदरची सांगत नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न पद्धतशीर मोजणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ सालच्या आपल्या अहवालात बजावून ठेवले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या सुखाचे अनुमान काढता येणार नाही. इशारा मागे पडला आणि आकडा तेवढा राहिला.

आता दुसरा हिशेब. दरसाल ७ टक्के वाढ व्हावी असे आपण सहज म्हणतो. चक्रवाढीचे गणित असे आहे की, ७ टक्क्यांनी वाढणारी गोष्ट सुमारे १० वर्षांत दुप्पट होते, २० वर्षांत चौपट होते, आणि १०० वर्षांत सुमारे ८६७ पट होते. सावकाराच्या व्याजाने ज्यांची जमीन गेली त्यांना हे गणित निराळे समजावून सांगायला नको. आज आपण जेवढा कोळसा जाळतो, जेवढी वाळू उपसतो, जेवढे पाणी ओढतो, त्याच्या कित्येक शेपट माल आपल्या नातवंडांच्या नातवंडांना या एवढ्याच पृथ्वीतून कोठून मिळणार?

यावर शहाणी माणसे एक उत्तर देतात. ते म्हणतात, यंत्रे सुधारतील, कमी इंधनात जास्त काम होईल, काळजी करू नका. या उत्तराची परीक्षाही इतिहासात होऊन गेली आहे. जेम्स वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या एंजिनाला जुन्या एंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागे. मग इंग्लंडात कोळशाचा खप घटला काय? १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने दाखवून दिले की खप उलट वाढला. एंजिन चालवणे स्वस्त झाले, म्हणून ते जागोजागी बसले. काटकसर झाली ती दर नगामागे. एकूण उधळपट्टी वाढली. तेव्हा यंत्र सुधारणे चांगलेच आहे, पण ‘किती पुरे’ हे ठरवल्यावाचून नुसत्या सुधारणेने भागत नाही.

‘किती पुरे’ हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच एका माणसाने फार नेटाने विचारला होता. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा. ते मूळचे तमिळनाडूचे. लंडनला हिशेबतपासनीस झालेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले हे गृहस्थ गांधीजींच्या सहवासात आले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहून कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला. तेथे तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या, भाताची सडाई यांवर प्रयोग चालत. रॉकेलऐवजी वनस्पती-तेलावर जळणारा एक कंदीलही तेथे तयार झाला. त्याला ‘मगनदीप’ म्हणत. १९४५ साली जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ म्हणजे टिकाऊपणाचे अर्थशास्त्र या नावाचे पुस्तक लिहिले. ‘टिकाऊ विकास’ हा शब्द सरकारी कागदांत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

कुमारप्पांचा मुख्य मुद्दा शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल. निसर्गाचे धन दोन प्रकारचे असते. एक साठ्याचे, आणि दुसरे ओघाचे. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठ्याचे धन; जेवढे काढाल तेवढे कमी होईल. नदीचा प्रवाह, ऊन, जंगलाची दरसालची वाढ, बैलाची मेहनत हे ओघाचे धन. जपून वापराल तर ते पुन्हा येत राहील. विहिरीचे झरे जेवढे पाणी देतात तेवढाच उपसा करणारा शेतकरी वर्षानुवर्षे भिजवतो. झऱ्यापलीकडे उपसा करणारा एक हंगाम श्रीमंत होतो आणि पुढे कोरडा पडतो. साठ्यावर उभे राहिलेले जीवन भांडणे आणि युद्धे ओढवून घेते, हेही कुमारप्पांनी सांगून ठेवले होते. तेलाच्या विहिरींभोवती पुढे काय काय घडले ते आपण जाणताच.

येथे माझे कामगार बांधव मला अडवतील. ते विचारतील, “मग काय, आम्ही पुन्हा घाणीला जुंपून घ्यायचे?” हा आक्षेप खरा आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच १९४५ साली, काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या आपल्या ग्रंथात परखडपणे मांडला आहे. माणसाला संस्कृती हवी असेल तर फुरसत हवी, आणि ढोर मेहनतीतून सुटका करून ती फुरसत यंत्रच देऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. यंत्रामुळे अनर्थ होत असतील तर दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असेही त्यांनी सांगितले. गावातले जुने धंदे जातीला बांधलेले होते. कातडे कमावण्याचे काम कोणाच्या माथी मारले होते हे विसरून ग्रामोद्योगाचे गोडवे गाणे हा अन्याय ठरेल.

मला स्वतःला या दोघांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला धरावे असे वाटत नाही. कुमारप्पा सांगतात की झऱ्यापलीकडे उपसू नका. बाबासाहेब सांगतात की माणसाला गुरासारखे राबवू नका. टिकाऊ जगण्याला या दोन्ही अटी लागू आहेत. पहिली अट मोडली तर नातवंडे उपाशी राहतील. दुसरी मोडली तर आजचाच माणूस पिचेल.

मग मार्ग कोणता? मला तो आमच्या चळवळीच्या पहिल्याच पानावर सापडतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांच्या मागण्यांत पहिली ठळक मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. १८९० साली मालकांनी ती मान्य केली. आपण आज रविवार उपभोगतो तो या लढ्याचा प्रसाद आहे. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कायदादुरुस्ती आणली, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. आमच्या पूर्वसूरींनी वाढीचा वाटा मागितला तो नुसत्या रुपयांत नव्हे, वेळेतही मागितला. आणि त्यानंतर? एका कामगाराच्या हातून निघणारा माल तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढला. कायद्यातले ते ४८ तास मात्र जागचे हललेले नाहीत. यंत्राने वाचवलेला वेळ कामगाराला मिळाला नाही. त्या वेळात अधिक माल काढला गेला, आणि तो खपवण्यासाठी जाहिराती आल्या, हप्ते आले, आणि तीन वर्षांत मोडणाऱ्या वस्तू आल्या. कामाचे तास कमी करून तेवढेच काम अधिक हातांना वाटून देणे, ही मागणी रोजगाराचीही आहे आणि झरा राखण्याचीही आहे.

दुसरा मार्ग अमेरिकेतील एका कामगार पुढाऱ्याने दाखवला. टोनी माझोकी हे तेल आणि रसायन कामगारांचे नेते. त्यांच्या युनियनने १९७३ साली एका बड्या तेल कंपनीविरुद्ध कामगारांच्या आरोग्यासाठी संप केला, तेव्हा निसर्गरक्षणाच्या संस्था कामगारांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. माझोकी स्वतः दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक. युद्ध संपल्यावर सरकारने सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि निर्वाह दिला होता. तसाच निधी विषारी धंदे बंद करताना तेथील कामगारांसाठी उभारावा, म्हणजे पोट आणि पाणी यांत निवड करण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही, हे त्यांचे सांगणे. याच विचारातून ‘न्याय्य स्थित्यंतर’ ही कल्पना पुढे आली, आणि २०१५ सालच्या पॅरिस हवामान कराराच्या प्रास्ताविकात तिला जागा मिळाली. आपल्याकडे विजेचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग आजही कोळशातून येतो. या खाणी आणि ही वीजकेंद्रे उद्या कमी करावी लागतील. त्या दिवशी चंद्रपूरच्या खाणकामगाराच्या हातात काय द्यायचे, हे आजच ठरवले नाही तर तोही एक दिवस मोर्चा काढील, आणि त्याची घोषणा माझ्या त्या घोषणेसारखीच असेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्याकडे नेहमी ज्याच्याजवळ अंथरूण नाही त्यालाच ऐकवली जाते. ज्या घरात नळ एक तास येतो त्या घराला पाणी जपण्याचा उपदेश नको. ज्याला दोन वेळचे जेवण नाही, त्याच्या ताटात वाढ झालीच पाहिजे. धान्य, घर, शाळा, दवाखाना, एस.टी.ची गाडी यांची वाढ अजून पुष्कळ व्हायची आहे. आवर घालायचा तो वरच्या टोकाला. आपण सभागृहात बसलेले बरेचजण त्या टोकाच्या जवळचे आहोत, हेही नम्रपणे नमूद करतो.

त्या मोर्चाच्या वेळी आम्ही काय करायला हवे होते, याचा मी पुष्कळ विचार केला. आम्ही गावकऱ्यांना बरोबर घेऊन मालकाकडे तीन मागण्या करायला हव्या होत्या : सांडपाण्याची शुद्धियंत्रणा बसवा, ती बसेपर्यंत कारखाना बंद ठेवा, आणि बंद काळात कामगारांचा पूर्ण पगार द्या. रात्री झडप उघडण्याचा हुकूम आला तर ती उघडणार नाही, असा ठराव आमच्या सभेत व्हायला हवा होता. तो आम्ही केला नाही, कारण काय बनवायचे आणि कसे बनवायचे हा मालकाचा प्रश्न, आपला प्रश्न फक्त पगाराचा, अशी आमची समजूत होती. आता नव्या मागणीपत्रात पगाराच्या कलमाखाली पाण्याचे, धुराचे आणि कामाच्या तासांचे कलम घालावे असा माझा आग्रह असतो. सहकारी कधी हसतात, कधी भांडतात. पण गेल्या दोन मागणीपत्रांत ती कलमे गेली आहेत.

ती म्हातारी आज हयात नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही, म्हणून ते आपल्यापुढे मांडले.