घरात फोन एकच, एसटीत रेंज नाही. मग अभ्यासाचं ॲप कसं हवं?

तालुक्याच्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलांचा बराच वेळ एसटी स्टँडवर आणि गाडीत जातो. अकरावी-बारावी, आयटीआयच्या मुलांकडे तेव्हा हातात फोन असतो. लहान मुलांना मात्र वडील शेतातून आल्यावर संध्याकाळी अर्धा तास फोन मिळतो. अनेक शैक्षणिक ॲप घरी वाय-फाय आहे, मुलाकडे स्वतःचा फोन आहे, असं धरूनच बनवलेली असतात. गावाकडचं गणित वेगळं आहे.

घोडं कुठे अडतं?

समजा, धड्याचा 40 मिनिटांचा एकच व्हिडिओ आहे. घाटात रेंज गेली की तो गोल गोल फिरत बसतो. पुन्हा लावला तर पहिल्यापासून सुरू. डेटा दोनदा जळतो आणि पोरगं कंटाळून रील बघायला लागतं.

ॲपमध्ये काय बदल हवेत?

- छोटे तुकडे : एका व्हिडिओत एकच मुद्दा, पाच-सात मिनिटांत संपणारा. दोन थांब्यांच्या मध्ये तो पुरा व्हावा.
- सोडलं तिथून पुढे : फोन आला, गाडी आली, तरी धडा त्याच जागी उघडावा. चाचणीची उत्तरं फोनमध्येच साठावीत आणि रेंज आल्यावर आपोआप जावीत.
- आधी एमबी दाखवा : धडा किती डेटा खाणार, हे डाऊनलोडआधी कळावं. 20 एमबीचे पाच धडे म्हणजे 100 एमबी, हा हिशेब घरच्यांनाही करता यावा.
- नुसता आवाज : भरलेल्या गाडीत उभं राहून स्क्रीन बघता येत नाही, कानाने ऐकता येतं.
- एका फोनवर दोघं : भावाबहिणीची नावं वेगळी, दोघांचा अभ्यासही वेगळा.

सरकारी ‘दीक्षा’त काय आहे?

केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे ॲप 2017 मध्ये सुरू झालं. ते मोफत आहे. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले आहेत. दीक्षातून तो स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पान फाटलं किंवा कॅमेरा खराब असला, तर कोडखालची सहा अक्षर-अंकांची ओळ टाइप करूनही काम होतं. साहित्य डाऊनलोड करून ठेवलं की नंतर नेट लागत नाही. म्हणून रेंज असेल तिथे रात्रीच दोन-तीन धडे उतरवून ठेवावेत, सकाळी गाडीत उघडावेत.

पैसे भरण्याआधी एवढं तपासा

खासगी ॲपची वर्षाची फी भरायची असेल तर घाई करू नका. आधी एक फुकटचा धडा डाऊनलोड करा. मग फोन फ्लाइट मोडवर टाका आणि धडा उघडून बघा. मध्येच बंद करून पुन्हा उघडा. धडा चालला आणि सोडलं तिथूनच सुरू झाला, तर ॲप गावाकडच्या पोरांच्या कामाचं आहे. नाही चालला, तर जाहिरात कितीही भारी असली तरी एसटीत त्याचा उपयोग नाही. फीचे पैसे खिशातच ठेवलेले बरे.