पंखा, मोटर आणि पुराचे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला मळसूत्र शिकवताना एक साधा प्रयोग करून दाखवला होता. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून त्यांनी तो पेन्सिलीभोवती गुंडाळला. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीवर वळणे घेत वर चढली. “मळसूत्र म्हणजे गुंडाळलेला चढ,” ते म्हणाले. पुढे अनेक वर्षे नावांच्या इंजिनांशी संबंध आला, तेव्हा या एका वाक्यावर माझे निम्मे काम निभावले. आजचा विषय त्याच वाक्यातून निघालेला आहे : बाहेरून बसविलेल्या मोटरीची, म्हणजे आउटबोर्ड मोटरीची नाव जागेवरून झटकन वेग कसा घेते, आणि केव्हा घेत नाही.

सुरतेत हा विषय केवळ हौसेचा नाही. १९६८ चा पूर वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाल्यावर तापी आवरली गेली असे अनेकांना वाटले. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि रांदेर, अडाजणपासून शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. बैतुल जिल्ह्यात उगम पावून खानदेशातून येणारी ही नदी. आपल्यापैकी कित्येकांची कुटुंबे तिच्याच काठाने इकडे आली. त्या दिवसांत लोक छतांवर बसून नावेची वाट पाहत होते. अशा वेळी नावेचा सर्वाधिक वेग किती हा प्रश्न गौण ठरतो. आठ माणसे भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध उठते की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

“उठते” हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. संथ जाणारी नाव पाणी दुभंगत जाते आणि आपल्या पुढे एक लाट उभी करते. वेग वाढला की लाट लांब होते, आणि एका मर्यादेला नाव स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने हा संबंध प्रयोगांनी तपासला. साडेचार मीटर लांबीच्या नावेसाठी ही मर्यादा ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो आणि रोध एकदम वाढतो. पुरेसा जोर मिळाला तर नाव हा उंचवटा ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर स्वार होते आणि रोधाच्या मानाने सुसाट सुटते. जोर कमी पडला, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही ती नाक वर करून रखडत राहते.

या फरकाचा हिशेब करू. समजा, प्रवाह ताशी ७ किलोमीटर आहे. उंचवट्यावर अडकलेली नाव पाण्याच्या मानाने ताशी १२ किलोमीटर जात असेल, तर काठाच्या मानाने ती फक्त ५ किलोमीटरने पुढे सरकते. एक किलोमीटर अंतराला तिला १२ मिनिटे लागतील. स्वार झालेली नाव ताशी ३० किलोमीटरने गेली, तर तेच अंतर तीन मिनिटांच्या आत संपेल. एका दिवसात किती फेऱ्या होतील आणि किती माणसे सुखरूप निघतील, हे या एका उंचवट्यावर ठरते.

आता पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे वळू. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात : व्यास आणि पिच, दोन्ही बहुधा इंचांत. पिच म्हणजे गुंडाळलेल्या चढाची उंची. घन पदार्थात स्क्रू फिरावा तसा पंखा फिरला तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल तितके अंतर. १३ इंच पिचचा पंखा घ्या. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेते आणि खालच्या गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २७५० फेरे घेतो असे धरा. मग एका मिनिटात सुमारे ९०८ मीटर, म्हणजे ताशी साधारण ५४ किलोमीटर अंतर व्हायला हवे. पाणी घन नसल्यामुळे प्रत्यक्षात वेग याहून कमी भरतो. या फरकाला घसर म्हणतात. थोडी घसर असणे अपरिहार्यच आहे, कारण पाणी मागे ढकलल्यावाचून नाव पुढे जात नाही.

पिच मोठा म्हणजे वेग जास्त, असे यावरून वाटेल. येथेच बहुतेकांची फसगत होते. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये ठेवलेली मोटार जशी घुसमटते, तशी मोठ्या पिचच्या पंख्याने भरलेल्या नावेची मोटर घुसमटते. इंजिनाची शक्ती फेऱ्यांबरोबर वाढते. फेरेच वाढले नाहीत तर कागदावरची ४० अश्वशक्ती कागदावरच राहते. म्हणून प्रत्येक निर्माता पूर्ण थ्रॉटलला किती फेरे व्हावेत याची कक्षा देतो. पिच एक इंचाने कमी केला, तर स्थूलमानाने १५० ते २०० फेरे वाढतात, हा कारागिरांचा उपयुक्त अंदाज आहे.

एका चाचणीचा अनुभव सांगतो. बचावकार्यासाठी ठेवलेली एक नाव दोन माणसांसह झकास धावे. आठ माणसे बसली की उठत नसे. मोटर बदलावी, असे सर्वांचे मत झाले होते. फेरेमापक लावून पाहिले, तेव्हा भरल्या नावेत पूर्ण थ्रॉटलला ४८०० फेरे दिसले. पुस्तिकेतील कक्षा ५००० ते ६००० होती. पंखा १३ इंच पिचचा होता. ११ इंचांचा बसविल्यावर फेरे ५२०० झाले. मागे दाटीने बसलेल्या माणसांपैकी तिघांना मध्यभागाच्या पुढे बसविले आणि नाव उठली. मोटर तीच, इंधन तेच. रिकाम्या नावेची तपासणी करून ती सज्ज असल्याचे समजणे, एवढीच मूळची चूक होती.

या लाभाची किंमतही आहे. लहान पिचच्या पंख्यावर रिकामी नाव पूर्ण थ्रॉटलने हाकली तर फेरे कक्षेबाहेर जाऊ शकतात, आणि सर्वाधिक वेगही घटतो. म्हणून भाराप्रमाणे दोन पंखे जवळ बाळगणे शहाणपणाचे. तीनऐवजी चार पाती असलेला पंखा भरल्या नावेत पाणी अधिक घट्ट धरतो. वरच्या टोकाचा वेग मात्र बहुधा थोडा कमी देतो.

पंख्याइतकेच महत्त्व मोटरीच्या उंचीला आहे. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती हवा खाली ओढली जाऊ देत नाही. सामान्यतः ही पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर असावी. मोटर फार खाली बसली तर तिचा पायच पाण्याला अडवतो. फार वर गेली तर पंखा हवा ओढतो, फेरे एकाएकी वाढतात आणि जोर नाहीसा होतो. शीतकरणाचे पाणीही तुटू शकते. मोटरीचा कलही पाहावा. सुटताना पाय नावेच्या बाजूस आत घेतला की नाळ खाली दाबली जाते आणि उंचवटा लवकर ओलांडता येतो. नाव स्वार झाल्यावर तो थोडा बाहेर सोडावा.

अमेरिकेत बास नावाच्या माशाच्या शिकारीच्या स्पर्धा होतात. तेथील हौशी मंडळींनी हीच विद्या बारकाईने विकसित केली आहे. त्यांच्या काही पंख्यांच्या मधल्या नळीला पात्यांजवळ भोके असतात. सुटताना त्यांतून इंजिनाचा धूर पात्यांवर येतो, पाणी जणू पातळ होते आणि इंजिन चटकन फेरे घेते. वेग आल्यावर वाहते पाणी तो धूर मागे नेते आणि पात्यांना पुन्हा पक्के पाणी मिळते. मोटर वरखाली सरकविण्याची चौकटही ते वापरतात. हौसेतून निघालेले ज्ञान संकटात उपयोगी पडू नये असा काही नियम नाही.

अर्थात पूर म्हणजे शर्यत नव्हे. गल्लीत नाव स्वार करू नये. तिच्या लाटा भिजलेल्या भिंतींवर आदळतात. पाण्यातील माणसाजवळ जाताना मोटर बंद करावी. फिरता पंखा शस्त्रासारखा कापतो. पाण्याखाली तारा, कापडे, विटा असतात. प्रत्येक फेरीनंतर पात्यांच्या कडा हाताने तपासाव्यात, कारण वाकलेली कड सारे गणित बिघडवते. ॲल्युमिनियमचा पंखा स्टीलच्या मानाने लवचीक व कमजोर खरा. पण दगडावर आपटल्यास तो स्वतः मोडतो आणि गिअर वाचण्याची शक्यता वाढते. अशा पाण्यात हा गुणच होय.

१८३७ साली लंडनच्या कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ आपला लाकडी स्क्रू तपासत असताना त्याचा अर्धा भाग तुटून पडला, आणि नाव थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. स्मिथने त्या अपघातापासून बोध घेतला. आपल्यालाही २००६ ने धडा दिला आहे. पावसाळ्यापूर्वी एखादी नाव पूर्ण भार घालून पाण्यात उतरवावी, फेरे मोजावेत आणि पंखा योग्य आहे की नाही ते ठरवावे. एका सकाळीत होणारे हे काम आहे. गुरुजींच्या पेन्सिलीवरचा तो चढ किती असावा, हे पूर येण्याआधी ठरलेले बरे.