धूळ बाहेर, हवा आत!

दत्तजयंती जवळ आली की शहाद्याच्या पोरांना सारंगखेड्याच्या यात्रेचे वेध लागतात. तापीकाठी घोडेबाजार भरतो, टापांनी उडालेली धूळ थेट तंबूत शिरते. त्यात अवकाळी आला तर अंथरूणही ओलं! यंदा मुक्कामाला तंबू नेताय? मग आधी गच्चीवर उभारा आणि वरून बादलीभर पाणी ओता. नवं कापड सहसा गळत नाही, गळते ती शिवण. तंबू वाळला की त्या शिवणीवर कापडाला चालणारं सीलर लावा, रात्रभर सुकू द्या. धूळ खालच्या फटीतून येते. तिथे कडेने वाळूच्या पिशव्या ठेवा. खालची ताडपत्री तंबूबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर तिच्यावर पडलेलं पाणी तुमच्याच पाठीखाली येईल.

पण सगळंच बंद करू नका हं! थंडी वाजते म्हणून आत कोळशाची शेगडी पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेरच ठेवा, वाऱ्याच्या आडोशाची जाळी उघडी ठेवा. थोडी धूळ आली तर येऊ दे, सकाळी झटकता येते!