‘देव बघून घेईल’ म्हणताना...

रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही दोघीच. सबमिशनचं टेन्शन, मेसची पाणचट आमटी असं काहीबाही चाललेलं. मध्येच माझी मैत्रीण म्हणाली, ‘‘यंदा गणपतीला मी घरी जाणार नाहीये.’’

का, म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. ती चौदा वर्षांची असताना सोसायटीत संस्कारवर्ग घेणाऱ्या काकांनी तिच्याशी नको ते केलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. तिने हिंमत करून आईला सांगितलं, आईने आजीला. आजीने तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, ‘‘देव बघून घेईल त्याला. आपण मन मोठं करावं.’’ तिचा वर्ग बंद झाला आणि विषयही. काका मात्र दरवर्षी आरतीला येतात आणि तिला त्यांच्या पाया पडावं लागतं.

यावर मी काय बोलले असेन? मास कॉमची स्टुडंट, जेंडरवर दोन प्रेझेंटेशन्स दिलेली मी म्हणाले, ‘‘जाऊ दे ना आता, इतकी वर्षं झाली.’’

म्हणजे आजीचंच वाक्य. फक्त अंगारा नव्हता.

त्या रात्रीपासून ही वाक्यं मला सगळीकडे ऐकू यायला लागली. झालं गेलं गंगेला मिळालं. मागच्या जन्मीचे भोग. गुरूंबद्दल वाईट बोलू नये, पाप लागतं. एरवी यातली कितीतरी वाक्यं आधार देतात. घरात कुणी गेलं, वर्ष वाया गेलं, तर माणूस त्यांच्याच जोरावर उभा राहतो. पण अत्याचार झालेल्या मुलीसमोर तीच वाक्यं उलटी फिरतात. क्षमा मागायला हवी त्याने, पण ‘क्षमा कर’ असं सांगितलं जातं तिला, त्याने मागितलेली नसतानाही. कर्माचा हिशोब निघतो, तोही तिच्याच मागच्या जन्माचा. त्याला मात्र कुणी काहीच विचारत नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते आसाराम प्रकरणात दिसलं. ‘सिर्फ एक बंदा काफी है’ हा मनोज बाजपेयीचा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो या खटल्यावरून प्रेरित आहे. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी २०१३ मध्ये आसाराम म्हणाला होता की त्या मुलीने हल्लेखोरांना भाऊ म्हणून विनवायला हवं होतं, टाळी काही एका हाताने वाजत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्याच गुरुकुलात शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला भूतबाधा झाल्याचं सांगितलं गेलं. उपाय करायचा म्हणून तिला जोधपूरजवळच्या आश्रमात नेलं आणि तिथे तिच्यावर अत्याचार झाला.

तिचे आईवडील त्याचे निस्सीम भक्त होते. ‘गुरूची परीक्षा असेल’ म्हणून गप्प बसणं त्यांना सोपं गेलं असतं. पण त्यांनी मुलीवर विश्वास ठेवला. दिल्लीत पोलीस ठाणं गाठलं आणि गुन्हा राजस्थानात घडलेला असूनही तिथे झीरो एफआयआर नोंदवला गेला. पुढची जवळपास पाच वर्षं सोपी नव्हती. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. मुलगी आपल्या जबाबावर ठाम राहिली. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या कोर्टाने आसारामला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली.

मग दोष श्रद्धेचाच का? मला तसं वाटत नाही. त्याच २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लॅरी नासर या जिम्नॅस्टिक्सच्या डॉक्टरसमोर रेचल डेनहॉलंडर कोर्टात उभी होती. किशोरवयात तिच्यावर त्याने अत्याचार केले होते. रेचल श्रद्धाळू ख्रिश्चन आहे. तिने नासरला कोर्टातच सांगितलं की मी तुला क्षमा करते. आणि त्याच निवेदनात न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षेची मागणी केली. तिच्या दृष्टीने क्षमा म्हणजे मनातला राग सोडणं होतं. गुन्ह्याची किंमत त्याने चुकवायची ती चुकवायचीच. पीडितांच्या बाजूने बोलण्यापायी आपलं चर्च आपल्याला गमवावं लागलं, हेही तिने तिथेच सांगितलं. म्हणजे देव तिच्यासोबत राहिला, पण देवाची माणसं नाही राहिली.

मैत्रिणीच्या आजीवर मला राग काढायचा नाहीये. तिच्या काळात मुलीने तोंड उघडलं तर मुलीचंच नाव खराब व्हायचं. पोलीस ठाण्यात कोण ऐकणार होतं? ‘देव बघून घेईल’ याखेरीज तिच्या हातात दुसरं काही नव्हतंच. पण आज आपल्या हातात आहे. तरीही आपण तेच वाक्य म्हणणार असू, तर मग तो आधार नाही, सुटका आहे. आपली स्वतःची.

दोन दिवसांनी मी मैत्रिणीकडे गेले आणि म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुला काय करायचंय?’’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.’’

तक्रार करायची की नाही, ते तिचं अजून ठरलेलं नाही. तो निर्णय तिचा आहे. पण गणपतीला ती घरी जाणार आहे. आईला फोनवर तिने सांगून टाकलंय, की मी पाया फक्त बाप्पाच्या पडेन.

मैत्रीण किंवा मित्र असं काही सांगेल तेव्हा...

- आधी ऐकून घ्या. ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ हा प्रश्न नको.
- गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो.
- लहानपणी झालेल्या अत्याचाराची पोक्सो कायद्याखालची तक्रार १८ वर्षं पूर्ण झाल्यावरही करता येते.
- कॉलेजमध्ये छळ झाला तर अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. समेट घडवायचा असेल तर तो फक्त तक्रारदार स्वतः म्हणाली तरच, आणि पैसे देऊन मिटवामिटवी करता येत नाही.
- हेल्पलाइन : मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.