घरातल्या बारची थीम म्हणजे देखावा नव्हे

घरात छोटासा बार करायचा म्हटले की पहिला सल्ला मिळतो, “आधी थीम ठरवा, मग वस्तू आणा.” थीमची नावेही ठरलेलीच असतात: आयरिश पब, टिकी बार, जुने इंग्लिश क्लबघर. नाव एकदा पक्के झाले की पत्र्याच्या पाट्या, लाकडी पिंपांची नक्कल, निऑनची अक्षरे आणि काळपट चामड्याच्या खुर्च्या मागवल्या जातात. जितकी वस्तूंची गर्दी, तितकी थीम अस्सल असे मानले जाते. म्हणजे दूरच्या एखाद्या जागेची हुबेहूब नक्कल ती थीम, असा हा समज आहे. तो चुकीचा आहे. त्यापायी लोक खर्च करतात आणि दोन पावसाळ्यांत पश्चात्ताप करतात, म्हणून तो सविस्तर तपासायला हवा.

आधी त्या ‘अस्सल’ जागा पाहू. टिकी बार पॉलिनेशियाच्या बेटांवर जन्मलेला नाही. 1933 च्या अखेरीस अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट यांनी हॉलिवूडमध्ये ‘डॉन्स बीचकोंबर’ सुरू केला. टिकी ही तऱ्हा तिथून रुजली. त्यांनी बांबू, मासेमारीची जाळी आणि लाकडी मुखवटे दक्षिण समुद्राच्या नावाने मांडले, पण पेल्यातली रम होती कॅरिबियन बेटांची, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्याच भागातली. आयरिश पबचेही तसेच. डब्लिनच्या आयरिश पब कंपनीने 1990 च्या दशकापासून गिनेसच्या पाठबळावर जगभर पब उभारून दिले. खेड्यातली झोपडी, व्हिक्टोरियन पब, जुने दुकान असे ठरावीक नमुने असायचे. सामान आयर्लंडमधून जायचे आणि ठरलेल्या जागी जोडले जायचे. हा व्यवसाय प्रामाणिक आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण अशा नमुन्याची घरी नक्कल करणारा माणूस नकलेचीच नक्कल करत असतो. तिला अस्सलपणाचा पुरावा म्हणता येत नाही.

मग थीम म्हणजे काय? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर दक्षिण कोलकात्याच्या बेहाला भागात मिळते. इथे बडिशाच्या सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा 1610 पासून चालत आल्याची परंपरा सांगतात, आणि त्याच वस्तीत बडिशा क्लब, बेहाला नूतन दल अशी मंडळे दरवर्षी ‘थीम पूजा’ मांडतात. तिथे थीम ही वस्तूंची यादी नसते. एक विचार घेऊन मूर्ती, मंडप, प्रकाश आणि साहित्य हे सगळे एकाच कलाकाराच्या नजरेखाली त्या विचाराला बांधले जाते. 2020 मध्ये, टाळेबंदीनंतर, बडिशा क्लबने देवीला लेकरू कडेवर घेतलेल्या स्थलांतरित मजूर आईच्या रूपात उभे केले. संकल्पना रिंटू दास यांची होती, मूर्ती पल्लव भौमिक यांची. तिथे झगमगाट नव्हता. त्या वर्षी रस्त्याने पायी निघालेली आई सगळ्या देशाने पाहिली होती, म्हणून प्रत्येकाला अर्थ कळला. त्याआधी 2001 मध्ये कसबा भागातल्या बोसपुकुरच्या मंडपासाठी बंधन राहा यांनी चहाची मातीची भांडी वापरली होती. रोज पिऊन फेकून देतात ती भांडी मंडपाची भिंत झाली. ही परंपरा कशी घडली ते तपती गुहा-ठाकुरता यांच्या 2015 च्या इंग्रजी ग्रंथात सविस्तर वाचायला मिळते, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे गणेशोत्सवात ‘देखावा’ हा शब्द वापरतात. देखावा डोळ्यांसमोर असतो. थीम त्याच्या मागे असते, कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती वगळायची हे ती ठरवते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की पूजेचा मंडप काही दिवसांचा आणि घर वर्षानुवर्षांचे. अगदी खरे, म्हणून मंडपाची भव्यता घ्यायची नाही, पद्धत घ्यायची: एक विचार, जवळचे एक-दोन पदार्थ आणि ते घडवणारा कारागीर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: पूजेचा दाखला दारूच्या कोपऱ्याला कसा द्यायचा? इथे सीमारेषा स्पष्ट हवी. देवादिकांच्या प्रतिमा, पुराणकथांवरच्या छौ नृत्यातले मुखवटे, दशावतारी गंजिफा यांना बारच्या भिंतीवर जागा नाही. टिकी ही आकृतीसुद्धा पॉलिनेशियन समाजांत पूर्वजांशी आणि देवतांशी जोडलेली आहे, हे ती पेल्यावर छापणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. देवादिकांना वगळूनही भरपूर उरते. बेहालाजवळच्या कालीघाटच्या पटचित्रांत एकोणिसाव्या शतकातले शौकीन बाबू आहेत, तोंडात कोळंबी धरलेले मांजर आहे. मेदिनीपूरची मादूरकाठीची चटई आहे, डोकरा धातूकाम आहे. गोव्याकडे वळलात तर शिंपल्यांची तावदाने आणि काजू फेणी आहे. या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या फेणीभोवती उभा राहिलेला कोपरा कोणत्याही आयात पबपेक्षा खरा असेल.

आता हवामानाचा मुद्दा, कारण परकी थीम सर्वांत आधी तिथेच हरते. गालिचा, चामडे आणि गडद लाकडी भिंती ही शेकोटी पेटवणाऱ्या थंड देशांची सजावट आहे. कोलकाता असो, मुंबई असो की कोकण, पावसाळ्यातल्या दमट हवेत गालिच्याला कुबट वास येतो, चामड्यावर बुरशी धरते आणि साधा पार्टिकल बोर्ड फुगतो. मांडणीसाठी आयएस 710 शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्यावे, बसायला वेत, खाली लाल ऑक्साइडची किंवा साधी फरशी. ओट्यावर संगमरवर किंवा कडप्पा टाळावा. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट असते, त्यामुळे लिंबाचा रस सांडला की नुसता डाग पडत नाही, दगडच झिजतो. ग्रॅनाइटला ही भीती नाही. म्हणजे ठरवण्याचा क्रम प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे: आधी जागा, हवा आणि वापर, मग साहित्य, आणि थीमचे नाव सर्वांत शेवटी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“बाटल्या खिडकीत चमकतात, तिथेच मांडाव्यात.” उन्हाने मद्याचा रंग आणि चव बिघडते. बिअर तर प्रकाशातच खराब होते, म्हणून तिची बाटली सहसा तपकिरी असते.

“व्हिस्की घरात मुरते.” ती पिंपात मुरते. काचेच्या बाटलीत तिचे वय वाढत नाही.

“सगळ्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात.” बुचाची वाइन आडवी ठेवावी, व्हिस्की आणि रम उभी. तीव्र मद्य बूच खाते.

“क्रिस्टलच्या सुरईत मद्य शोभते.” पाहुण्यांपुरते ठीक. शिसेयुक्त क्रिस्टलमध्ये साठवलेल्या मद्यात शिसे उतरते, हे ग्रॅझियानो आणि ब्लम यांनी 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले आहे.

“तांब्याचे पेले कशालाही चालतात.” तांब्या-पितळेत आंबट ठेवायचे तर कल्हई हवी, हे आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यानेही नेमका हाच इशारा दिला.

“मेणबत्त्यांनी वातावरण येते.” 40 टक्के मद्याची वाफ साधारण 26 अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. उबदार रंगाचे एलईडी दिवे पुरेत.

“घरात ठेवायला कायदा आडवा येत नाही.” महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बाळगण्याची मर्यादा आणि नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत.

आणि शेवटचा समज, “फळ्या भरल्याशिवाय बार दिसत नाही.” उघडलेल्या बाटलीत हवा शिरते आणि चव उतरत जाते. त्यामुळे पाच-सहा बाटल्यांचा, मुलांच्या हाती न लागणारा कुलूपबंद कप्पा हाच शहाणा बार. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. बाटल्यांची संख्या हीच सजावट झाली तर ती संख्या वाढवण्याची आणि मग रिकामी करण्याची ओढ घरातच तयार होते. थीम विचारावर उभी असेल तर भिंतीवरचे एक पटचित्र आणि वेताच्या चार खुर्च्या तो कोपरा पूर्ण करतात, आणि त्या संध्याकाळी कुणी फक्त लिंबू सरबत घेतले तरी तिथे काही उणे वाटत नाही.