छोट्या विमानांच्या पेट्रोलमधील शिसे

आकाशातून मोठे प्रवासी विमान जाते, त्याच्या टाकीत रॉकेलच्याच जातीचे, पण अधिक शुद्ध केलेले इंधन असते. मात्र नवे वैमानिक ज्यांवर शिकतात ती दोन किंवा चार आसनांची विमाने बहुधा पेट्रोलवर चालतात आणि या पेट्रोलमध्ये आजही शिशाचे एक संयुग मिसळलेले असते. मोटारींच्या पेट्रोलमधील शिसे अमेरिकेत १९९६ साली व भारतात २००० साली बंद झाले. २०२१ साली अल्जीरिया या शेवटच्या देशानेही ते थांबविले. मग छोट्या विमानांनाच ही सवलत का? याचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, तर अर्धे अर्थशास्त्रात.

एंजिन ठोके का देते?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झटकन दाबला की तापतो. पेट्रोल एंजिनात दट्ट्या हवा व पेट्रोल यांचे मिश्रण असेच दाबतो. नंतर ठिणगी पडते आणि ज्योत सिलिंडरभर क्रमाक्रमाने पसरते. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते. परंतु याला मर्यादा आहे. दाब फार वाढला, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. हातोडीचे घाव बसावेत तसे ठोके ऐकू येतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ठोक्यांना इंधन किती दाद देत नाही, हे त्याच्या ऑक्टेन अंकावरून कळते.

आजच्या मोटारीत ठोके ओळखणारे उपकरण असते. ठोके सुरू होताच ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते. छोट्या विमानांची बहुतेक एंजिने हवेने थंड होणारी असतात आणि त्यांच्या ठिणगीची वेळ ठरलेली असते. उड्डाणाच्या वेळी तर एंजिन पूर्ण शक्तीने चालवावे लागते. ठोके चालू राहिले तर दट्ट्याला भोकही पडू शकते आणि मोटारीसारखे विमान रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही!

यावर १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी उपाय शोधला. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले, तरी ठोके थांबतात. ज्वलनाच्या उष्णतेने ते फुटते व शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात. अवेळी भडका उडविणाऱ्या रासायनिक साखळीला हे कण मध्येच तोडतात.

एका तासाचा हिशेब

विमानाच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसे असते. ‘सेस्ना १७२’ हे चार आसनी विमान तासाला सुमारे ३२ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे ३२ × ०.५६, अर्थात एका तासात सुमारे १८ ग्रॅमपर्यंत शिसे धुराबरोबर हवेत जाते.

शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. अमुक प्रमाणापर्यंत ते निर्धोक आहे, अशी कोणतीही मर्यादा सापडलेली नाही. कॅलिफोर्नियात सॅन होझे शहरात रीड-हिलव्ह्यू नावाचा छोट्या विमानांचा विमानतळ आहे. त्याच्या जवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दूरच्या मुलांपेक्षा अधिक आहे, असे २०२१ सालच्या अहवालात आढळले. १ जानेवारी २०२२ पासून तेथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. अशा विमानांतून बाहेर पडणारे शिसे आरोग्याला धोकादायक आहे, असा निर्णय अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

अमेरिका : जुन्या विमानांचा देश

छोटी विमाने सर्वांत अधिक अमेरिकेत आहेत. १९७८ साली तेथील कारखान्यांनी अशी सुमारे १७,८०० विमाने बांधली. १९९४ साली हा आकडा एक हजाराच्याही खाली आला. मागणी घटली, किमती वाढल्या आणि अपघातानंतर उत्पादकांवर होणाऱ्या दाव्यांचा खर्चही वाढला. १९८६ ते १९९६ ही दहा वर्षे सेस्नाने पेट्रोलवरची विमाने बांधलीच नाहीत. १९९४ साली नवा कायदा होऊन, १८ वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकांची जबाबदारी बरीच कमी झाली, तेव्हा कोठे कारखाने पुन्हा चालू झाले.

परिणामी जुनीच विमाने आजही मोठ्या संख्येने उडत आहेत. त्यांची एंजिने बदलणे महाग, म्हणून अमेरिकेचा प्रयत्न इंधन बदलण्याचा आहे. २०२२ साली शंभर ऑक्टेनच्या एका बिनशिशाच्या पेट्रोलला मान्यता मिळाली. तरी वाट सोपी नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ साली आपली शिकाऊ विमाने ९४ ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालविली, पण झडपांच्या बैठकी झिजू लागल्याचे दिसताच काही महिन्यांत जुने पेट्रोल परत आणले. शिशाचा पातळ थर झडपांचे रक्षणही करीत होता! २०३० सालच्या अखेरीस शिसे बंद करण्याचे अमेरिकेचे उद्दिष्ट आहे.

युरोप : डिझेल आणि वीज

युरोपात विमानाचे पेट्रोल महाग आणि अनेक विमानतळांवर दुर्मिळ. तेथील तंत्रज्ञांनी एंजिनच बदलले. २००२ साली जर्मनीच्या थीलर्ट कंपनीने मर्सिडीज मोटारीच्या डिझेल एंजिनापासून विमानाचे एंजिन तयार केले. डिझेल एंजिनात नुसती हवा प्रचंड दाबतात आणि तापलेल्या हवेत इंधन फवारतात. ठिणगी नाही, म्हणून शिशाचीही गरज नाही. शिवाय मोठ्या विमानांचे रॉकेलवर्गीय इंधन त्यात चालते. उणीव एवढीच, की प्रचंड दाब सोसण्यासाठी एंजिन जड व महाग होते. २००८ साली थीलर्टचे दिवाळे निघाले. तरी हे तंत्र टिकले आणि पुढे चिनी भांडवलाच्या आधाराने वाढले.

स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या विमानाला जून २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळविणारे हे जगातील पहिलेच विद्युत विमान. ते सुमारे ५० मिनिटे उडते. अधिक का नाही? एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या बॅटरीत ०.२ किलोवॉट-तासाच्या आसपास. विजेची मोटर कार्यक्षम असली, तरी एवढी तफावत भरून निघत नाही.

आफ्रिका आणि आपण

आफ्रिकेच्या अंतर्भागात विमानाचे पेट्रोल मिळणे कठीण, पण जेट विमानांचे इंधन बहुधा मिळते. तेथे ‘सेस्ना कॅरव्हॅन’सारखी विमाने उपयोगी पडतात. १९८२ साली प्रथम उडालेल्या या विमानात पंखा फिरविणारे टर्बाइन असते. टर्बाइनात ज्योत अखंड जळत राहते, त्यामुळे ठोक्यांचा प्रश्नच येत नाही. मात्र टर्बाइनाची किंमत फार मोठी, म्हणून प्रवासी व माल वाहून पैसे मिळविणाऱ्यालाच ते परवडते.

आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळे येथे वैमानिक शिकतात. भारत शिसेयुक्त विमान-पेट्रोल पूर्वी परदेशातून आणीत असे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार होणारे पेट्रोल बाजारात आले. पुरवठ्याची अडचण कमी झाली, पण शिसे मात्र कायम आहे.

अशा एखाद्या विमानतळावर जाण्याची संधी मिळाली, तर उड्डाणापूर्वी वैमानिक काय करतो ते पाहा. तो टाकीतील थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून तपासतो. शिसेयुक्त पेट्रोल चटकन ओळखता यावे म्हणून त्यात निळा रंग घालतात. जेट इंधन रंगहीन किंवा फिकट पिवळसर असते. नळीतील इंधन निळे दिसले, तर तासाला किती लिटर लागते ते विचारा आणि वरील गुणाकार स्वतः करून पाहा.